पट्टा कुठं तुटला

अकरा कुटुंबांना फोन करून 'यंदा वर्ग नाही' असं कळवायचं, म्हणजे अकरा वेळा तेच बोलायचं आणि अकरा वेळा पलीकडचा तोच उसासा ऐकायचा. त्यापेक्षा वर्ग घेऊन टाकलेला बरा, असं बेरिटला वाटलं. शनिवारी सकाळी साडेसातला तिनं शिकारी क्लबच्या हॉलचं कुलूप उघडलं ते एवढ्याचसाठी. त्यामागे दुसरं काही मोठं कारण नव्हतं.

तारीख बाबांनी मे महिन्यातच टाकली होती. दर वर्षीसारखी, हरणांचा हंगाम सुरू व्हायच्या तीन आठवडे आधीची. 'घरातल्या सगळ्यांनी मिळून शिकारीचे पहिले धडे' असं लिहिलेले कागद त्यांनी पेट्रोल पंपावर, वाचनालयात आणि चर्चच्या फळ्यावर स्वतःच्या हातानं चिकटवले होते. ऑर्लिन स्कोगन चौतीस वर्षं हे करत आले होते. विस्कॉन्सिनच्या या उत्तरेच्या कोपऱ्यात बंदूक धरायला शिकलेला दर दुसरा माणूस त्यांच्या नजरेखालून गेलेला. आणि सप्टेंबरच्या मध्याला तेच मचाणावरून पडून गेले.

बेरिटनं टेबलं लावली. खुर्च्या उलगडल्या. सराव-बंदुका कपाटातून काढून एकेक उघडून पाहिली. आत काही नसणारच, पण पाहायचंच, हे हातांना सांगावं लागत नव्हतं. बारा वर्षं ती या वर्गात बाबांच्या हाताखाली शिकवत होती. शहरातल्या वाचनालयाच्या नोकरीतून तीन तास गाडी चालवत यायची, दोन दिवस राहायची, परत जायची. या वेळी येऊन सहा आठवडे झाले होते आणि परत जायचं तिच्यानं होत नव्हतं.

आठला मागच्या दारानं आई आली. मार्लिस स्कोगन, वय सत्त्याहत्तर, दोन्ही हातांत फॉइलनं झाकलेले ट्रे.

"कॉफी लावलीस?"

"लावली."

"किती चमचे टाकलेस?"

"आई, चाळीस कपांचं भांडं आहे ते. मी मोजले नाहीत."

"मग कडू होणार," आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

स्वयंपाकघराच्या दारासमोरची भिंत म्हणजे क्लबची इज्जत, किंवा बेइज्जती. ज्याची गोळी हरणाला लागली नाही, त्याच्या सदऱ्याचा मागचा तुकडा कात्रीनं कापून तिथं खिळ्यानं ठोकायचा, खाली नाव आणि साल लिहायचं, अशी इथली रीत. चौकटीचे, पट्ट्यांचे, विटलेले दीडएकशे तुकडे तिथं लटकत होते. ज्यानं चौऱ्याहत्तर साली स्वतःच्याच गाडीचा रेडिएटर फोडला, त्याचाही एक होता. तो माणूस मरेपर्यंत 'रेडिएटर'च राहिला. त्याच्या दफनाच्या वेळी पाद्रीबाबाच्या तोंडूनही तेच नाव निसटलं आणि शवपेटीशेजारी सगळे खो-खो हसले. त्या भिंतीवर ऑर्लिन स्कोगनच्या सदऱ्याचा तुकडा नव्हता. चौतीस वर्षांत एकदाही नव्हता, आणि हे आई सहज म्हणून, पण वर्षातून दोनदा तरी सांगायचीच.

बाबा पडले त्या दिवशी ते शिकारीला गेलेच नव्हते. मचाणासमोर मेपलची एक फांदी आडवी आली होती, ती छाटायला ते हातकरवत घेऊन गेले. जेवायला आले नाहीत म्हणून बेरिट बघायला गेली. त्याच दिवशी सकाळी ती शनिवार-रविवारसाठी घरी आली होती. ते मचाणाखाली पडले होते. करवत वर फांदीत अडकलेली होती. झाडाला अडकवून घ्यायचा त्यांचा सुरक्षा पट्टा घरी शेडमध्ये खिळ्याला होता. नीट घडी घालून, बकलं आत वळवून, जशी ते दर वर्षी मुलांना घालायला शिकवायचे तशी.

पंचनाम्याला आलेला शेरीफच्या कचेरीतला डेप्युटी बाबांचाच जुना विद्यार्थी. त्यानं 'उंचावरून पडून' एवढंच लिहिलं आणि पुढचं काही विचारलं नाही. दफनाच्या सकाळी गाडीत आई म्हणाली, "कोणी विचारलं तर पट्टा तुटला म्हणायचं." बेरिट "बरं" म्हणाली. कॉफी घेणार का, याला म्हणावं तसं. दुपारपर्यंत अख्ख्या गावाला माहीत झालं होतं की ऑर्लिनचा पट्टा तुटला.

नऊला कुटुंबं यायला लागली. ड्वेन क्राउझ, बाबांचा चाळीस वर्षांचा दोस्त, अकरा वर्षांच्या नातीला, ब्रिनला घेऊन आला. त्याच्या मागोमाग शोंग कुटुंब: चू, त्याची बायको पा-न्या आणि दोन मुली. चू लहानपणापासून काकांबरोबर रानात जायचा. पा-न्याला आणि मुलींना मात्र परवान्यासाठी दाखला हवा होता. तिनं वही आणली होती. बाकीच्यांनी कोणी वही आणली नव्हती.

"काय गं बेरिट," ड्वेन तासाभरानं म्हणाला, "बापासारखी ओरडत नाहीस! ऑर्लिन असता तर एव्हाना दोघातिघांना रडवलं असतं."

"दुपारपर्यंत वेळ आहे, ड्वेन."

"मला रडवलं होतं त्यानं. मी चाळिशीचा होतो."

"तू बंदुकीची सेफ्टी काढून गाडीत चढत होतास."

"एकदाच!"

"बाबा म्हणायचे, तीनदा."

लोक हसले. बेरिटलाही जरा बरं वाटलं, आणि लगेच थकवा आला. तिनं बंदूक धरायच्या पद्धती दाखवल्या. शेजारी कोण चालतंय त्यावर नळीचं तोंड कुठं असावं, ते दाखवलं. मागच्या अंगणात तारेचं कुंपण ओलांडायचा सराव घेतला. आधी बंदूक उघडायची, पलीकडे खाली ठेवायची, तोंड आपल्यापासून लांब, मग आपण दुसरीकडून ओलांडायचं. थोरल्या शोंग मुलीनं बंदूक हातात धरूनच पाय टाकला.

"थांब. आता नळी कुणाकडे आहे?"

मुलीनं पाहिलं. नळी तिच्या आईच्या पोटाकडे होती. तिचा चेहरा उतरला.

"चांगलं झालं," बेरिट म्हणाली. "आत काही नाही तेव्हाच हे झालेलं बरं. परत ये आणि पहिल्यापासून कर."

पा-न्यानं वहीत काहीतरी लिहिलं. बहुधा 'पोट'.

जेवायच्या वेळी हॉलमध्ये हरणाच्या मांसाच्या तिखट चिलीचा आणि भट्टीत भाजलेल्या बटाट्याच्या हॉटडिशचा वास भरला. बेरिट कॉफीच्या भांड्याशी उभी होती. मागच्या टेबलावर ड्वेन शोंग कुटुंबाला ज्ञान देत होता.

"मचाणाचं म्हणाल तर त्या पट्ट्यांवर पैसे घालवू नका. मी चाळीस वर्षं झाडावर बसतोय. पट्टाबिट्टा काही नाही. मध्यंतरी ऑर्लिननं जीव खाल्ला म्हणून दोन-चार वर्षं घातला. आता काढून टाकलाय."

"का?" चूनं विचारलं.

"का म्हणजे? त्याचा तुटला ना! या तालुक्यात पट्टा नेमानं घालणारा एकच माणूस होता, आणि तुटला तो त्याचाच. माणूस पट्ट्याच्या भरवशावर हात सोडतो, हे खरं दुखणं. पट्टा नसला की कसं, मुठी आपोआप घट्ट राहतात."

"आम्ही चार घेतलेत," चू म्हणाला. "नवे आहेत. अजून वेष्टनातच आहेत."

"पावती आहे?"

"आहे."

"मग परत देऊन टाका. त्या पैशात मुलींना चांगले बूट घ्या."

चूनं बायकोकडे पाहिलं. पा-न्या चमचा हातात धरून विचार करत होती. पलीकडच्या टेबलावरचा एक तरुण बाप, ज्याचं नाव बेरिटच्या लक्षात राहिलं नव्हतं, मान डोलावत म्हणाला, "माझा मेहुणाही हेच म्हणतो. ऑर्लिनचं झाल्यापासून त्यानंही सोडला."

बेरिटनं कप भरला, तो तसाच टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. आई ट्रे खरवडत होती.

"आई, लोक पट्टे परत देतायत."

"कुठले पट्टे?"

"मचाणाचे. ड्वेन सांगत फिरतोय. बाबांचा तुटला म्हणून."

"ड्वेन बडबड्या आहे. सोड."

"त्यानं स्वतः घालायचा सोडलाय. तो एकटाच नाही. आई, या वर्गातली निम्मी माणसं तीन आठवड्यांनी झाडावर असतील."

आईनं नळ सोडला. पाण्याच्या आवाजाखाली ती म्हणाली, "मग सांग ना त्यांना, तो पट्टा जुना होता. नवे तुटत नाहीत म्हण."

"म्हणजे अजून एक खोटं."

"तुझा बाप चौतीस वर्षं या हॉलमध्ये उभा राहिला." आईचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे. "त्या भिंतीकडे बघ. इथं कोणी काही विसरतं का? पोरंसोरं म्हणतील, 'ऑर्लिनसारखं करू नकोस.' पन्नास वर्षं म्हणतील. तुला तीन तासांवर जाऊन राहायचंय. मला इथं राहायचंय."

आई म्हणत होती त्यातला शब्दन् शब्द खरा होता. बाहेर कोणीतरी "पुढं काय?" असं विचारल्यावर बेरिट गेली.

पुढं मचाण होतं. हॉलच्या मागे ओकच्या झाडाला सरावासाठी लोखंडी शिडीचं मचाण बांधलेलं, पंधरा फूट उंच. शिडीशेजारून वरपासून जमिनीपर्यंत एक दोर सोडलेला. अंगात पट्टा चढवायचा, जमिनीवरच त्याची कडी या दोरावर सरकणाऱ्या गाठीला अडकवायची, आणि गाठ आपल्याबरोबर वर सरकवत न्यायची. पाय जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंत कडी काढायची नाही. बेरिटनं हे सांगितलं. आपला आवाज तिला फोनवरच्या नोंदवलेल्या आवाजासारखा वाटला.

मागं ड्वेननं खांदे उडवले. आठदहा लोकांनी ते पाहिलं.

पा-न्यानं हात वर केला. वही उघडी होती.

"एक विचारू? वाईट वाटून घेऊ नका."

"विचारा."

"तुमच्या वडिलांचा पट्टा नेमका कुठं तुटला? शिवणीत, की बकलापाशी, की वरच्या दोराला? मी चीजच्या कारखान्यात आहे. आमच्याकडे एखादं मशीन गेलं की कुठला भाग गेला ते लिहून भिंतीला लावतात, म्हणजे बाकीच्यांनी आपापलं तपासायचं. आमचे चार आहेत. मला तीच जागा तपासायचीय."

कोणीतरी खोकलं. शिवण म्हणावं, तर ही बाई आज रात्री चार पट्ट्यांच्या शिवणी भिंगातून बघेल. बकल म्हणावं, तर बकलं. जे म्हणू ते ती वहीत उतरवून घेणार आणि त्यावर दोन मुलींचे जीव टांगणार होती. स्वयंपाकघराची खिडकी अर्धी उघडी होती. आतला नळ बंद झाला.

"कुठंच नाही," बेरिट म्हणाली.

पा-न्यानं पेन उचललं नाही.

"तो तुटला नाही. तो घरी शेडमध्ये होता, खिळ्याला. बाबा शिकारीला गेले नव्हते. एक फांदी छाटायला गेले होते. बंदूक नाही, हंगाम नाही, दहा मिनिटांचं काम. वीस वर्षं ते मचाण त्यांचंच. पट्टा शिकारीत घालायचा असतो, फांदी छाटताना कशाला, असं त्यांना वाटलं असेल. मला माहीत नाही. विचारता आलं नाही. दोन्ही हात करवतीवर असणार."

वारा नव्हता. ओकची वाळलेली पानं जागच्या जागी होती.

"मी तिथं गेले तेव्हा पट्टा त्यांच्या अंगावर नव्हता. घरी आल्यावर मी तो पाहिला. त्याला काहीही झालेलं नाही. पट्टा तुटला हे आम्ही सांगितलं. ते खरं नव्हतं."

ती 'आम्ही' म्हणाली. त्याहून जास्त सांगायची तिची इच्छा नव्हती.

ड्वेनचा चेहरा तांबडा होत गेला. "ऑर्लिन?" तो म्हणाला. "ऑर्लिन स्कोगन पट्ट्याशिवाय वर गेला?"

"हो."

"मला चाळीस माणसांसमोर शेळीसारखा बांधला होता त्यानं त्या दोराला. फोटो काढून घेतला होता. आणि स्वतः..." त्यानं त्या दोराकडे हात केला. "आणि मी सहा आठवडे या लोकांना काय सांगत फिरतोय? तुला ठाऊक होतं, आणि तू मला सांगू दिलंस?"

"हो, ड्वेन."

"हे सांगायला नको होतं तू. किंवा मग तेव्हाच सांगायचं होतं." तो वळला आणि पार्किंगकडे चालू लागला. ब्रिन आजोबांकडे आणि बेरिटकडे आळीपाळीनं बघत राहिली.

"तुला जायचंय का त्यांच्याबरोबर?" बेरिटनं विचारलं.

"मला वर जायचंय," ब्रिन म्हणाली.

"मग पट्टा घे. पाय आधी घाल. पीळ पडू देऊ नकोस."

पुढचे दोन तास त्यातच गेले. तेवीस माणसं, एकेक करून. बेरिट प्रत्येकाच्या छातीच्या आणि मांड्यांच्या पट्ट्यात दोन बोटं घालून बघत होती. जास्त सैल, घट्ट कर. फार घट्ट, सोड जरा. कडी. ओढून बघ. कडी ओढल्याशिवाय पहिली पायरी नाही. चू सगळ्यात हट्टी निघाला. तीस वर्षं रानात फिरलेला माणूस, त्याला मांडीचे पट्टे टोचत होते. पा-न्यानं त्याला त्यांच्या हमोंग भाषेत काहीतरी सुनावलं, ते इतकं थोडक्यात होतं की भाषा न कळणारे लोकसुद्धा हसले. त्यानं पट्टे आवळले. तो तरुण बाप वर जाऊन खाली आला आणि बेरिटजवळ क्षणभर रेंगाळला. "मेहुण्याला फोन करतो," म्हणाला. त्याचं नाव तिनं परत विचारलं. ट्रॅव्हिस.

मधे एकदा तिनं पार्किंगकडे पाहिलं. ड्वेन गाडीत बसला होता, खिडकी वर, टोपी डोळ्यांवर. वर्ग संपून ब्रिन दाखला घेऊन धावत गेली तेव्हाही तो खाली उतरला नाही. त्यानं आतूनच दार उघडून दिलं. गाडी गेली.

साडेचारला सगळे गेले. बेरिटनं बंदुका परत एकेक उघडून पाहिल्या आणि कपाटात लावल्या. खुर्च्या मिटायला घेतल्या आणि चौथ्या खुर्चीशी सोडून दिल्या. स्वयंपाकघरात आई टेबलाशी बसली होती, हात मांडीवर. ती बाहेर आली नव्हती. भांडी निम्मी विसळलेली, निम्मी तशीच.

"हसलं का कोणी?" आईनं विचारलं.

"नाही."

"हसतील."

"हसतील कदाचित."

"ड्वेन?"

"रागावला. निघून गेला."

आईनं मान हलवली.

"तुझ्या बापानं नेला असता," ती म्हणाली. "शेडकडेच चालला होता तो, पट्टा घ्यायला. मी दारातून ओरडले. म्हटलं, कुठं चाललास आता, बारा वाजत आलेत, बेरिट आलीय, सूप गॅसवर आहे, ती एवढीशी फांदी छाटून ये की पटकन. तो म्हणाला, 'बरं, बरं.' आणि तसाच वळला."

बेरिट दारात उभी होती.

"मला वाटलं, तुटला म्हटलं की कोणाचंच काही नाही. ना त्याचं, ना..." आई टेबलावरच्या ट्रेचा काठ नखानं खरवडू लागली.

बेरिटला वाटलं, जवळ जावं. खांद्यावर हात ठेवावा, 'तुझा काय दोष' वगैरे म्हणावं. वाचलेल्या कित्येक गोष्टींत माणसं असं म्हणतात. पण तिच्या अंगात तेवढं त्राण नव्हतं, आणि आईला ते पटलंही नसतं. 'बरं, बरं' म्हणताना बाबांचा आवाज कसा असेल, हे मात्र तिला लख्ख ऐकू आलं.

"मी सकाळपासून काही खाल्लं नाही," ती म्हणाली.

आईनं वर पाहिलं. मग ती टेबलाला धरून उठली, कडेच्या ट्रेवरची फॉइल काढली. तळाशी हॉटडिश उरली होती, गार झालेली, वरचे बटाटे मऊ पडलेले.

"गरम करते."

"नको. असू दे."

आईनं दोन चमचे काढले. दोघी ओट्याशी उभ्या राहून त्याच ट्रेमधून खाऊ लागल्या. आई एका बाजूनं, बेरिट दुसऱ्या बाजूनं.

"मीठ कमी पडलंय," थोड्या वेळानं आई म्हणाली.

"हो," बेरिट म्हणाली, आणि खात राहिली.